पहिली केबिनवाली छोटी बोट: शोधण्यापासून पहिल्या मुक्कामापर्यंत

हौसेला मोल नाही, असं म्हणतात. बोटीच्या हौसेला असतं, आणि ते दर वर्षी नव्याने भरावं लागतं. म्हणून ‘आपल्याला केवढी बोट परवडेल’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. केवढ्याशा बोटीत आपलं भागेल, ते आधी पाहा.

मी नेमकं उलट केलं होतं. पहिलीच बोट २८ फुटी घेतली. आत ताठ उभं राहता यायचं, चौघं झोपायची, दार लागणारा संडास होता. फक्त ती धक्क्यावरून सोडायला आणि परत लावायला मला आणखी दोन माणसं लागायची, आणि तिघांची सुट्टी एका दिवशी काही जुळायची नाही. पहिल्या वर्षात ती जेमतेम आठ-नऊ वेळा बाहेर पडली. शेवटी ती विकून २१ फुटी घेतली. हिच्यात मान वाकवून बसावं लागतं आणि पाणी कॅनमधून ओतून घ्यावं लागतं. पण दिवसाचं काम आटोपल्यावर एकट्याने दोर सोडून दोन तास पाण्यावर जाता येतं. हा लेख अशा बोटींबद्दल आहे: साधारण १८ ते २४ फूट, आत दोघांना झोपता येईल अशी केबिन, आणि एक माणूस नाहीतर एक जोडपं जी सहज हाताळेल अशी.

केवढी आणि कसली

लांबीचा हिशेब फसवा असतो. २० फुटी आणि २५ फुटी बोटीत फरक पाचच फुटांचा दिसतो. पण लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढते, त्यामुळे सव्वापट लांब बोट जवळजवळ दुप्पट वजनाची होते. मग इंजिन मोठं, नांगर मोठा, दोर जाड, रंग जास्त. जागेचं भाडं तर बहुतेक ठिकाणी लांबीवरच ठरतं. बोटीच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के दर वर्षी खर्च होतात, असा एक मोघम आडाखा आहे. स्वस्तातल्या जुन्या बोटीला तो लावू नका. बोट जुनी झाली म्हणून भाडं, विमा आणि रंग स्वस्त होत नाहीत. माझा सल्ला विचाराल तर हातातल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्यात बोट शोधा. तो पाचवा हिस्सा पहिल्या वर्षात नक्की संपतो.

मग स्वतःला तीन गोष्टी विचारा. पाणी कसलं आहे: तलाव, नदी, खाडी की उघडा समुद्र? बरोबर नेहमी कोण येणार? आणि बोट राहणार कुठे? जाहिरातीत ‘चार जणांची सोय’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ चार जण आडवे होऊ शकतात एवढाच. त्यांच्या पिशव्या, ओले टॉवेल आणि चपला कुठे जाणार, हे कोणी सांगत नाही. मी तरी लिहिलेल्या आकड्यातून दोन वजा करतो.

ठेवण्याचे मार्ग तीन. मरीनात, म्हणजे हौशी बोटींच्या बंदरात, धक्क्याला बांधून ठेवणं सगळ्यात सोयीचं आणि सगळ्यात महाग. पाण्यात बोयाला, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या खुणेला, बांधून ठेवणं स्वस्त, पण तिथे पोचायला आणखी एक छोटी होडी लागते. तिसरा मार्ग ट्रेलरवर, घराशेजारी. ट्रेलर निवडलात तर गाडीच्या ओढण्याच्या क्षमतेशी तुलना करताना बोट, इंजिन, इंधन, पाणी, सामान आणि ट्रेलर अशी सगळ्यांची बेरीज करा. नुसतं बोटीचं छापील वजन धरून चालत नाही. दूरवरून आल्याआल्या ट्रेलर पाण्यात उतरवू नका. तापलेली बेअरिंग थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. चहा प्या, चाकं निवू द्या, मग उतरवा.

युरोपात १९९८ च्या जूनपासून विकल्या गेलेल्या नव्या बोटींवर एक छोटी पाटी असते आणि तिच्यावर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. डी म्हणजे आडोशाचं पाणी, सी म्हणजे किनाऱ्याजवळचं, वाऱ्याच्या जोराच्या बोफोर्ट मापावर साधारण ६ पर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटा. बी आणि ए त्याहून पुढचे. या लेखातल्या बहुतेक बोटी सी गटातल्या असतात. अक्षर बोटीचं असतं, चालवणाऱ्याचं नव्हे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. त्याच पाटीवर जास्तीत जास्त किती माणसं, तेही लिहिलेलं असतं.

शीड की इंजिन

यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. मी थोडक्यात उरकतो.

शिडाची छोटी केबिनबोट पाणी कापत जाते. त्यावर उचलली जात नाही. अशा बोटीचा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो: त्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये मिळतं. पाण्याशी १८ फूट लांब असलेल्या बोटीला ते पावणेसहा नॉटच्या आत येतं, म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. त्याहून वेगासाठी मोठं इंजिन लावून फारसं काही हाती लागत नाही. लाट मोठी उठते आणि टाकी रिकामी होते. ज्यांना जाण्यातच मजा वाटते, त्यांनी शीड घ्यावं. जिथे जायचं तिथे जेवायच्या आत पोचायचं असेल, तर पाण्यावर उचलली जाणारी मोटरबोट घ्यावी आणि इंधनाच्या बिलाबद्दल तक्रार करू नये.

शिडाच्या बोटीत खाली कणा, म्हणजे तळाखालचं उभं पातं, कसा आहे ते पाहा. एकच खोल कणा असेल तर बोट वारा येतो त्या दिशेकडे छान चढते, पण उथळ पाण्यात जात नाही आणि ओहोटीला कलंडते. दोन बाजूंना दोन कणे असले की ओहोटीला ती चिखलावर गाईसारखी निवांत बसते. वर उचलता येणारा कणा ट्रेलरसाठी उत्तम, मात्र त्याची खीळ आणि उचलायची तार दर वर्षी तपासावी लागते.

इंजिन बाहेर मागे टांगलेलं, म्हणजे आउटबोर्ड असेल, तर पहिल्या बोटीला तेच बरं. बिघडलं तर काढून दुकानात नेता येतं, आणि केबिनमध्ये तेलाचा वास येत नाही. त्याच्या दांड्याची लांबी बोटीला जुळायला हवी: आखूड १५ इंची, लांब २० इंची, त्याहून लांब २५ इंची. आखूड दांड्याचं इंजिन उंच पाठीच्या बोटीला लावलं, तर लाटेवर पंखा हवेत फिरतो आणि इंजिन किंचाळतं.

बोट बघायला जाताना

दुरून डोंगर साजरे, आणि फोटोतली बोट त्याहून साजरी. बघायला जाताना टॉर्च, जुने कपडे, एक छोटी प्लॅस्टिकची हातोडी आणि थोडा कापूस घेऊन जा. बोट शक्यतो पाण्याबाहेर असताना पाहा. आणि जो माणूस तुमच्यासारखा प्रेमात पडलेला नाही, असा एक जण बरोबर न्या.

आत शिरल्याबरोबर काही बोलू नका, वास घ्या. ओल, बुरशी, डिझेल, गॅस: प्रत्येकाचा वास वेगळा आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी. केबिन उदबत्तीसारखी सुगंधी असेल तर संशय घ्या. गाद्या उचला. गादीच्या खालच्या अंगाला काळे ठिपके दिसले, तर वरून पाणी झिरपतंय.

आता जमिनीच्या फळ्या काढा. त्याखालच्या पोकळीला बिल्ज म्हणतात. बोटीतलं सगळं पाणी फिरून तिथेच जमा होतं. तिथे थोडं पाणी सापडलंच, आणि त्यावर तेलाचा तवंग नसला, तर हाताचं बोट त्यात बुडवून जिभेच्या टोकाला लावा आणि थुंकून टाका. किळसवाणं आहे, पण दोन सेकंदांत उत्तर मिळतं. समुद्रावरच्या बोटीत पाणी खारट लागलं तर ते खालून येतंय: कवचातून, पंख्याच्या दांड्याच्या सीलमधून किंवा एखाद्या नळातून. गोडं लागलं तर पावसाचं आहे, म्हणजे डेक किंवा खिडकी गळते, नाहीतर पिण्याच्या पाण्याची टाकी. माझ्या पहिल्या बोटीत मी गाद्यांचं कापड पाहिलं होतं. फळ्या उचललेल्या मला आठवत नाहीत.

डेकवर अनवाणी चाला. फायबरच्या बहुतेक बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा असतो. जिथे कठड्याचा खांब, दोर बांधायची क्लीट किंवा एखादा स्क्रू बसवलाय, तिथून पाणी आत शिरतं आणि गाभा कुजतो. पायाखाली डेक दबला, किंवा हातोडीने टकटक केल्यावर खणखणीत आवाजाऐवजी भाजलेल्या वांग्यासारखा मऊ ‘थप्’ आला, तर तिथे कुजलंय. तळहाताएवढा डाग दुरुस्त होतो. अख्खी बाजू मऊ असेल, तर नमस्कार करून घरी या.

आउटबोर्डची बोट असेल तर मागची पाठ तपासा. इंजिन वर उचलून त्याचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवा. इंजिनाबरोबर बोटीची पाठही हलत असेल, तर आतलं लाकूड गेलंय आणि ती दुरुस्ती महाग आहे. खालच्या बाजूला गिअरचं तेल काढायचा स्क्रू असतो. मालकाची परवानगी घेऊन थोडं तेल काढून पाहा. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलंय.

पाण्याबाहेर काढलेल्या फायबरच्या तळावर फोड दिसतात, त्याला ऑस्मोसिस म्हणतात. या शब्दाने नवखे फार घाबरतात. चार-दोन फोडांनी बोट बुडत नाही. भाव मात्र कमी करता येतो. मी त्यापेक्षा कवचातून आरपार जाणाऱ्या नळांना जास्त भितो. प्रत्येक भोकावर ते बंद करायचा कॉक, म्हणजे सीकॉक, असायला हवा आणि तो हाताने फिरायला हवा. त्याचा धातू टोकदार चाकूने किंचित खरवडा. पिवळाधमक निघाला तर ठीक. गुलाबीसर निघाला तर पितळेतलं जस्त विरघळून गेलंय, आणि तो नळ एखाद्या दिवशी बिस्किटासारखा तुटेल. बोट बुडवायला अंगठ्याएवढं भोक पुरतं.

इंजिन सुरू करायच्या आधी त्यावर हात ठेवून पाहा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच ते सुरू करून ठेवलंय. हेतू वाईट असेलच असं नाही, पण थंड इंजिन कसं सुरू होतं हेच तर पाहायचंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा या. डिझेल इंजिनाचा धूर काळा असेल तर जळण नीट होत नाही किंवा इंजिनावर भार जास्त आहे. निळसर असेल तर तेल जळतंय. पांढरा धूर सुरुवातीनंतरही थांबला नाही तर पाणी नाहीतर न जळलेलं इंधन. आउटबोर्डच्या मागून पाण्याची बारीक धार पडायला हवी. ती धार म्हणजे थंड करणारं पाणी फिरतंय याची खूण. पाणी ओढणारा रबरी पंखा दर वर्षी-दोन वर्षांनी बदलायचा असतो. शेवटचा कधी बदलला, ते विचारा. उत्तर देताना मालक आकाशाकडे पाहू लागला, की समजा कधीच नाही.

शिडाच्या बोटीला डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा असतात. त्यांवरून कापूस फिरवा, उघडा हात नको. कापूस कुठे अडकला तर तारेचा एखादा धागा तुटलाय. या तारा साधारण १० ते १५ वर्षांनी बदलतात, आणि काही विमावाले ते विचारतातही. शिडाचं कापड हातात चुरून पाहा: नवं असताना ते कडक कागदासारखं वाजतं, म्हातारपणी धुऊन धुऊन विरलेल्या चादरीसारखं गप्प होतं.

आणि शेवटी झोपा. खरंच झोपा. जिथे झोपणार त्या बंकवर दहा मिनिटं आडवे व्हा, कुशीवर वळा, गुडघा कशावर आपटतो ते पाहा. दोघं येणार असाल तर दोघंही झोपून पाहा. मालक हसला तर हसू द्या.

चाचणी, सर्व्हे, कागद

बोट आवडली तर तोंडी ‘घेतली’ म्हणू नका. ‘पाण्यावरची चाचणी आणि सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाची तपासणी, समाधानकारक झाली तर घेतली’ असं लिहून द्या आणि त्यावरच इसार द्या. सर्व्हेअर तुम्ही नेमलेला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. अगदी स्वस्तातल्या छोट्या बोटीला सर्व्हेचा खर्च जड वाटतो. माझा हिशेब साधा आहे: बोटीचे पैसे बुडाले तर दुखेल एवढी तिची किंमत असेल, किंवा बोटीच्या पोटात इंजिन असेल, तर सर्व्हे कराच.

पाण्यावर गेलात की इंजिन दहा मिनिटं पुऱ्या जोरावर चालवून तापमानाकडे लक्ष ठेवा. मागे घ्या, दोन्हीकडे वळवा, सुकाणूत ढिलेपणा किती ते पाहा. परत आल्यावर फळ्या पुन्हा उचलून बिल्ज बघायला विसरू नका.

कागद कंटाळवाणे, पण कवचावर कोरलेला क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि कागदावरचे क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. बोटीवर कर्ज थकलेलं असेल तर ते अनेक देशांत बोटीबरोबरच नव्या मालकाकडे येतं, म्हणून तसं काही नाही हे लेखी घ्या. नोंदणी, परवाना, रेडिओचा परवाना आणि विम्याचे नियम जागोजागी वेगळे. पैसे देण्याआधी तिथल्या बंदर कार्यालयात विचारा.

पहिला आठवडा धक्क्यालाच

बोट ताब्यात आली की सगळे पहिल्याच रविवारी नातेवाइकांना घेऊन निघतात. पी हळद आणि हो गोरी. तुम्ही आठवडाभर धक्क्यालाच राहा.

एका कागदावर बोटीचा नकाशा काढा आणि प्रत्येक सीकॉक, फ्यूज, पंप, अग्निशामक कुठे आहे ते मांडा. प्रत्येक सीकॉकला लाकडाची एक निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा. नळ तुटला तर ती ठोकून भोक बंद करता येतं. बिल्ज पंप बादलीभर पाणी ओतून चालवून पाहा. बॅटरीचं व्होल्टेज बघायची सवय लावा. साधी १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या वर दाखवते, १२.२ वर आली म्हणजे सुमारे अर्धी संपली. त्याखाली नेत राहिलात तर ती लवकर मरते. आणि इंजिन सुरू करायची बॅटरी दिव्यांच्या बॅटरीपेक्षा वेगळी ठेवता आली तर रात्री झोप लागते.

पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस दोन्ही हवेपेक्षा जड असतात. घरात गळलेला गॅस दाराखालून तरी निघून जातो. बोट म्हणजे वरून उघडी वाटी, ती वाफ तळाशी साठून ठिणगीची वाट पाहते. पोटात पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे आतली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवा आणि नाकाने खात्री करा. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. केबिनमध्ये त्याचा अलार्म बसवा.

अंगावर कपड्यांसकट पाण्यात उतरून (धक्क्याजवळ, बरोबर कोणी असताना) शिडीवरून वर चढून पाहा. बहुतेकांना पहिल्या वेळी जमत नाही, कारण शिडीची शेवटची पायरी पाण्याच्या वरच असते. ओल्या माणसाला दोघांनाही वर ओढता येत नाही. शिडी कमी पडत असेल तर आजच बदला. लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच कामाचं, आणि वेगवान बोटीत इंजिन बंद करणारी किल कॉर्ड पायाला नाहीतर जॅकेटला अडकवलेली हवी. रेडिओ असेल तर संकटाचं चॅनेल १६ लावून कसं बोलायचं, याची एक चिठ्ठी रेडिओशेजारी चिकटवा. घाबरल्यावर पाठ केलेलं आठवत नाही.

पहिली फेरी

वारा बोफोर्ट ३ पर्यंत, म्हणजे १० नॉटच्या आत असेल असा दिवस निवडा. ४ ला पाण्यावर बरेच पांढरे फेस दिसू लागतात. तो दिवस पुढच्या महिन्यासाठी ठेवा. जाताना वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर येणं सोपं. इंधनाचे तीन वाटे करा: एक जायला, एक यायला, एक हात न लावायला. कुठे जातोय आणि कधी येणार, हे जमिनीवरच्या एका माणसाला सांगा, आणि आल्यावर त्याला कळवा. नाहीतर तो शोध सुरू करेल.

भरती-ओहोटीच्या पाण्यात असाल तर बाराव्या हिश्श्यांचा हिशेब शिकून घ्या. सहा तासांत पाणी चढतं ते सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात बारापैकी एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे ३.६ मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून १.८ मीटर. ओहोटीलाही तसंच. ‘अजून बराच वेळ आहे’ म्हणत चिखलात रुतलेल्या बोटी याच दोन तासांत सापडतात. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, दिवशी हे आकडे मोठे; भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवशी लहान. आणि प्रवाहाविरुद्ध वारा वाहत असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. तोच वारा, तेच पाणी, पण बोट आपटायला लागते.

वाटेचे मूळ नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारातले आहेत आणि ते पुरते वाचायलाच हवेत. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. आडव्या जाणाऱ्या दोन मोटरबोटींत जिच्या उजव्या हाताला दुसरी दिसते, तिने वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने दूर राहायचं. इंजिन बंद करून शिडावर चाललेल्या बोटीला मोटरबोट वाट देते. पण अरुंद मार्गातून जाणाऱ्या मोठ्या जहाजापुढे ‘माझं शीड आहे’ हा युक्तिवाद नियमातही बसत नाही आणि व्यवहारातही. बोयांच्या रंगांच्या जगात दोन पद्धती आहेत: समुद्रातून बंदराकडे येताना बहुतेक देशांत लाल बोया डाव्या हाताला राहतो, उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्समध्ये उजव्या.

धक्क्याला लावणं हे खरं दुखणं. त्याचा सराव मोकळ्या पाण्यात करा: एक रिकामा कॅन दोरी आणि वजन बांधून सोडा आणि त्याच्याशेजारी बोट थांबवून दाखवा, वीस वेळा. केबिनची छोटी बोट वाऱ्याला पानासारखी असते. वेग कमी झाला की पुढचं टोक आधी वाहून जातं. म्हणून शक्य तेव्हा वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या तोंडावर या. फेंडर (धक्का झेलणारे फुगे) आणि दोर आधीच बांधून तयार ठेवा. कोणीही उडी मारायची नाही, आणि बोट व धक्का यांच्यामध्ये हात-पाय घालायचा नाही. बोट आपटली तर फायबर दुरुस्त होतं. जमणार नाही असं वाटलं तर बेलाशक वळा आणि पुन्हा या; धक्क्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे असतातच, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

नांगर आणि पहिली रात्र

नांगर वजनाने धरतो, हा गैरसमज आहे. तो तळात रुततो म्हणून धरतो, आणि ओढ आडवी असेल तरच रुततो. त्यासाठी नांगराच्या पुढे काही मीटर साखळी आणि भरपूर लांब दोर हवा. हिशेब असा: पाण्याची खोली ३ मीटर, पाण्यापासून बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, उंची १ मीटर, अजून चढायची भरती २ मीटर. बेरीज ६. साखळी आणि दोर मिळून याच्या पाचपट सोडा, म्हणजे ३० मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट, ४२. ओहोटीला तळाशी किती पाणी उरेल, तेही आधीच पाहून ठेवा.

वाऱ्याच्या तोंडावर या, बोट पूर्ण थांबू द्या, नांगर हाताने सोडत तळाला टेकवा. फेकू नका, साखळी त्याच्यावरच पडून गुंता होतो. बोट मागे वाहू लागली की दोर सोडत जा, मग बांधा आणि इंजिन हलकेच मागे घ्या. दोरावर हात ठेवा. नांगर घसरत असेल तर दोरातून थरथर जाणवते, खडबडीत रस्त्यावर सायकलच्या हँडलला जाणवते तशी. रुतला की दोर ताठ आणि शांत होतो. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, समजा झाड आणि त्यामागचा खांब. अर्ध्या तासाने वाऱ्याची दिशा तीच असताना रेषा मोडली असेल, तर तुम्ही सरकताय. छोटी बोट मागच्या बाजूने नांगरू नका. लाट तिथूनच आत येते.

आणि दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलंय ना, ते पाहा. मी एकदा नवाकोरा नांगर, साखळी आणि चाळीस मीटर दोर अगदी शिस्तीत, एका लयीत समुद्राला अर्पण केला. टोक हातातून सळसळत गेलं तेव्हा बायको म्हणाली, “आता?” दुसरा नांगर नव्हता. तेव्हापासून दोन असतात.

पहिला मुक्काम घरापासून तासाभराच्या अंतरावर, आडोशाच्या पाण्यात, एका रात्रीचा ठेवा. अंधार पडायच्या दोन तास आधी नांगर टाका. स्वयंपाक एका भांड्यात होईल असाच, आणि शेगडीपाशी बसताना पायांवर काहीतरी जाड घ्या, कारण शेजारून गेलेल्या बोटीची लाट उकळतं पाणी मांडीवर आणते. पांढरा नांगर-दिवा लावा. केबिनची झडप कितीही थंडी असली तरी थोडी उघडी ठेवा. हवा हवीच, शिवाय दोन माणसांचा श्वास रात्रभरात छतावर दव होऊन जमतो आणि पहाटे बरोबर कपाळावर ठिबकतो.

झोप पहिल्या रात्री लागत नाही. डोलकाठीवर दोर आपटत असेल तर उठून तो बाजूला ताणून बांधा. मग उरतो तो कवचाखालचा आवाज, पाणी कोणीतरी ओंजळीत घेऊन सोडावं तसा, उशीपासून चार बोटांवर. बोट हळूहळू वाऱ्याबरोबर फिरते आणि खिडकीतला किनाऱ्यावरचा दिवा एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो, पुन्हा येतो. दोनदा उठून रेषा तपासाल. तिसऱ्यांदा उजाडलेलं असेल.

परत आल्यावर अर्धा तास बोटीसाठी ठेवा. खाऱ्या पाण्यातून आला असाल तर आउटबोर्डमधून गोडं पाणी फिरवा, डेक धुवा, सीकॉक बंद करा, बॅटरीचा मुख्य खटका पाडा, गाद्या उभ्या करून ठेवा. आणि वहीत लिहा: काय तुटलं, काय विसरलं, काय उगाच नेलं. माझ्या वहीतल्या पहिल्या मुक्कामाच्या पानावर तीनच ओळी आहेत. काडेपेटी ओली. टॉर्च एकच. दुसरी उशी आण.